घराबाहेर पडता येत नाही? मग येऊन सिद्ध करा!

मैत्रिणींनो, एक सरकारी पत्र डोळ्यांसमोर आणा. मजकूर साधारण असा : आपण घराबाहेर पडू शकत नाही, असं आपल्या अर्जात लिहिलं आहे. त्याची तपासणी करायची असल्याने अमुक तारखेला, सकाळी अमुक वाजता, अमुक केंद्रावर हजर राहावे. योग्य कारणाशिवाय गैरहजर राहिल्यास अर्ज निकाली काढला जाईल.

आता ज्या बाईच्या हातात हे पत्र पडलं तिने काय करायचं? ती गेली, तर ती जाऊ शकते हे सिद्ध झालं. ती नाही गेली, तर अर्ज निकाली. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे उभी असलेली बाई खोटारडी! शब्द माझे असले तरी मतलब माझा नाही. ब्रिटनमध्ये गेली दहा-बारा वर्षं ‘सुधारणा’ या गोंडस नावाखाली अपंगांच्या भत्त्यांची जी कापाकापी चालली आहे, तिच्यात हजारो बायकांना या पेचातून जावं लागलं. घरी येऊन तपासणी करण्याची सोय तिथेही कागदावर आहे. पण ती मागावी लागते, पटवून द्यावी लागते. आणि केंद्रावर बाई आलीच, तर ती कशाने आली, कुणासोबत आली, हॉलमध्ये कशी बसली, याचीही नोंद तपासनीसाच्या अहवालात होते.

तुम्ही म्हणाल, ब्रिटनच्या भत्त्यांचं आम्हाला काय? थोडा धीर धरा. हे प्रकरण आपल्या उंबरठ्याशीच येऊन थांबणार आहे.

आजार की ‘घरंदाजपणा’?

या आजाराचं नाव अ‍ॅगोराफोबिया. जर्मन डॉक्टर कार्ल वेस्टफाल यांनी १८७१ साली ते दिलं. अ‍ॅगोरा म्हणजे ग्रीक नगरातला बाजारचौक, लोक जमण्याची जागा. मोकळी जागा, बंदिस्त जागा, गर्दी किंवा रांग, बस-रेल्वे, घराबाहेर एकटं असणं, यांतल्या दोन किंवा अधिक ठिकाणी माणसाला अशी भीती दाटून येते की आता आपल्याला इथून सुटता येणार नाही, काही झालं तर मदत मिळणार नाही. छाती धडधडते, श्वास कोंडतो, हातपाय गार पडतात, आपण आत्ता मरणार असं वाटतं. एकदा असा झटका आला की माणूस ती जागा टाळतो. मग तिच्यासारखी दुसरी जागा टाळतो. मग रस्ता, मग गल्ली. शेवटी उरतं घर, आणि कधी कधी घरातली एकच खोली. पुरुषांच्या साधारण दुप्पट बायकांमध्ये हा आजार आढळतो.

बोली मराठीत याला रुळलेला शब्द नाही, आणि ते उगीच नाही. आपल्याकडे घराबाहेर न पडणारी बाई हा आजार समजला जात नाही. तो गुण समजला जातो! ‘आमच्या सूनबाईंना बाहेर भटकायची आवड नाही हो,’ असं सासू कौतुकाने सांगते. पुरुष सहा महिने घराबाहेर पडला नाही तर वाडी-वस्ती विचारायला येते. बाई सहा वर्षं पडली नाही तर तिला घरंदाज म्हणतात. आजार आणि अब्रू यांची अशी गाठ बसलेली असल्यावर तिला डॉक्टरकडे कोण नेणार?

‘खरे’ अपंग आणि ‘खोटे’ अपंग

ब्रिटनकडे बघायचं ते एवढ्यासाठी, की तिथल्या सरकारने एक काम अगदी उघडपणे केलं. कुठली भीती मोजायची आणि कुठली मोजायची नाही, हे त्यांनी चक्क नियमात लिहिलं.

तिथे १९९२ पासून अपंगांना एक निर्वाह भत्ता मिळत असे. २०१० साली आलेल्या सरकारने त्यावरचा खर्च वीस टक्क्यांनी कमी करायचं ठरवलं. लक्षात घ्या, आधी कपातीचा आकडा ठरला, मग अपंग कोण हे ठरवण्याची नवी रीत आली. २०१२ च्या कायद्याने आणि एप्रिल २०१३ पासून कामकऱ्या वयाच्या लोकांसाठी त्या जागी ‘पर्सनल इंडिपेन्डन्स पेमेंट’, म्हणजे ‘पिप’, लागू होऊ लागला. नोकरी असो वा नसो, अपंगत्वामुळे जो जादा खर्च येतो त्यासाठी हे पैसे. तपासणीचं कंत्राट खाजगी कंपन्यांकडे. आणि माणसाचं मोजमाप गुणांनी. आठ गुण मिळाले तर साधा दर, बारा मिळाले तर वरचा. आठाच्या खाली काही नाही.

प्रवासाचे गुण कसे? मानसिक त्रासामुळे बाहेर पडताना कुणीतरी धीर द्यावा लागतो, त्याचे चार गुण. त्रास इतका की कुठलाच प्रवास करता येत नाही, त्याचे दहा. ओळखीच्या रस्त्यानेही दुसऱ्या माणसाच्या किंवा मदतनीस कुत्र्याच्या सोबतीशिवाय जाता येत नाही, त्याचे बारा.

साधा माणूस हे वाचून काय म्हणेल? जिला भीतीमुळे ओळखीच्या रस्त्यानेही एकटीला जाता येत नाही, तिला बारा गुण. सरकारी खातं म्हणालं, नाही! सोबतीचा हा नियम डोळ्यांनी दिसत नाही किंवा रस्ता समजत नाही अशांसाठी आहे. घाबरणाऱ्यांनी चार गुणांच्या रांगेत उभं राहावं. नोव्हेंबर २०१६ मध्ये वरिष्ठ लवादाच्या तीन न्यायाधीशांनी निकाल दिला की सरकारचा हा अर्थ बरोबर नाही. त्रास सहनशक्तीपलीकडचा असेल, आणि त्यामुळे सोबतीशिवाय जाता येत नसेल, तर ते गुण द्यावे लागतील.

मग सरकारने काय केलं? निकाल मानला? छे! नियमच बदलला. फेब्रुवारी २०१७ मध्ये नवे नियम मांडले आणि १६ मार्चपासून लागूही केले. सोबतीच्या त्या कलमांआधी थोडेसे शब्द घुसडले : ‘मानसिक त्रासाखेरीज अन्य कारणांमुळे’. लोकांना विचारलं नाही, अपंगांच्या संघटनांना विचारलं नाही. निकाल पाळला तर २०२२ पर्यंत ३.७ अब्ज पौंड जादा लागतील, एवढा हिशेब मात्र तयार होता.

त्या चार शब्दांनी काय झालं बघा. दोघी शेजारणी आहेत. दोघींनाही कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत एकटीला जाता येत नाही. एकीला दिसत नाही, तिला बारा गुण, आणि ते तिच्या हक्काचेच आहेत, त्याबद्दल वाद नाही. दुसरी भीतीने दारातच कोसळते, तिला सोबतीच्या गरजेचे म्हणून चार गुण, म्हणजे शून्य पैसे. सोबतीला लागणारं माणूस दोघींनाही तेवढंच लागतं. टॅक्सीचं भाडं दोघींनाही तेवढंच पडतं. आणि तिसरी, जी कधीच बाहेर पडू शकत नाही, तिला फार तर दहा गुण. निव्वळ मानसिक त्रासाच्या आधारावर वरच्या दरापर्यंत पोचण्याची वाटच बुजवली. गरज तीच, पण गरजेमागचं कारण मनातलं असेल तर ती गरज सरकारी हिशेबात धरायची नाही!

यामागची वृत्तीही लपून राहिली नाही. त्याच फेब्रुवारीत पंतप्रधानांच्या धोरणाचे सल्लागार असलेले खासदार जॉर्ज फ्रीमन रेडिओवर म्हणाले, पैसे खरोखरच्या अपंगांना मिळायला हवेत, घरी बसून गोळ्या घेणाऱ्या, चिंतेने त्रासलेल्या लोकांना नव्हेत. बोभाटा झाल्यावर त्यांनी दिलगिरी व्यक्त केली. पण ते जे बोलले तेच नियमात छापलेलं होतं. नियमाने कुठे दिलगिरी व्यक्त केली?

नियमाला न्यायालयात खेचावं लागलं. ‘आरएफ’ एवढ्या दोन अक्षरांनीच ओळखल्या जाणाऱ्या, मानसिक त्रास सोसणाऱ्या एका व्यक्तीने दावा केला. २१ डिसेंबर २०१७ रोजी उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती मोस्टिन यांनी निकाल दिला : हा नियम मानसिक आजार असणाऱ्यांविरुद्ध उघड भेदभाव करणारा आहे, असा नियम करण्याचा अधिकारच मंत्र्यांना नव्हता, आणि लोकांचं म्हणणं न ऐकता तो करायला नको होता. तिन्ही मुद्द्यांवर सरकार हरलं. जानेवारी २०१८ मध्ये त्यांनी अपील न करण्याचं जाहीर केलं. सोळा लाख प्रकरणं पुन्हा उघडावी लागणार होती, आणि दोन लाख वीस हजारांपर्यंत लोकांचे पैसे वाढतील, असा सरकारचाच अंदाज होता. एक दावा लावण्याचं बळ असलेलं माणूस उभं राहिलं म्हणून हे झालं. बाकीचे लाखो आपापल्या खोल्यांत ‘तुमचा अर्ज नामंजूर’ हे पत्र घेऊन बसले होते.

दार बंद, खिडकी बंद

तेव्हा जिंकलो ना, मग आता का ओरडता? ओरडतो, कारण समोरून अडवलेली गोष्ट मागच्या दाराने येते.

ब्रिटनमध्ये दुसरी एक तपासणी आहे, काम करण्याच्या क्षमतेची. ती २००८ पासून चालू आहे. तिच्यात ‘बाहेर जाणं-येणं’ हा मुद्दा आहे. ओळखीच्या एकाही ठिकाणी जाता येत नसेल तर पंधरा गुण मिळतात, म्हणजे ‘सध्या कामासाठी असमर्थ’. ऐकायला बरं वाटतं. पण एप्रिल २०१७ पासून या गटातल्या नव्या अर्जदारांना जादा पैसे मिळणं बंद झालं. जादा पैसे आहेत ते त्याच्या वरच्या, अधिक गंभीर गटाला. आणि त्या वरच्या गटाच्या कसोट्यांच्या यादीत काय आहे? चालणं आहे, हात वर करणं आहे, वस्तू उचलणं आहे, लोकांत मिसळणं आहे. ‘बाहेर जाणं-येणं’ मात्र नाही! जी बाई वर्षानुवर्षं दाराबाहेर पडलेली नाही, तिचा सगळ्यांत मोठा त्रास त्या यादीत सापडतच नाही. तिने आपली भीती दुसऱ्या कुठल्यातरी कलमात कोंबायची, नाहीतर ‘मला कामाला लावलंत तर माझ्या जिवाला गंभीर धोका आहे’ हे सिद्ध करत बसायचं.

२०२५ साली आलेल्या नव्या कायद्याने यावर कळस चढवला. सरकार बदललं होतं, मजूर पक्षाचं होतं, पण कात्री तीच. मार्चमध्ये त्यांनी ‘पिप’साठी आणखी कडक अट सुचवली : रोजच्या जगण्यातल्या कुठल्या तरी एकाच कामात किमान चार गुण हवेत, थोडे इथले थोडे तिथले जमवून चालणार नाही. अपंगांच्या संघटना आणि सरकारचेच खासदार उठले, तेव्हा १ जुलैला ती तरतूद मागे घ्यावी लागली. हे श्रेय लढणाऱ्यांचं. पण कायद्याचा दुसरा भाग राहिलाच. एप्रिल २०२६ पासून जे नव्याने वरच्या गटात येतील, त्यांचा आजारपणाचा जादा भाग आठवड्याला सुमारे ९७ पौंडांवरून ५० पौंडांवर, जवळजवळ निम्मा. सूट कुणाला? मरणपंथाला लागलेल्यांना, आणि ज्यांचा आजार आयुष्यभराचा आणि सततचा आहे, बरं होण्याची आशा नाही, अशांना. अ‍ॅगोराफोबियावर उपचार आहेत, तो कमी-जास्त होतो. म्हणून ती गंभीर नाही! बरी होण्याची आशा आहे, हीच तिच्या पैशाच्या आड येणारी गोष्ट. आणि उपचारासाठी लागणारं भाडं, सोबत, निवांतपणा कुठून आणायचा, हे कुणी विचारत नाही.

हा नुसता पैशाचा प्रश्न नाही. क्षमता तपासणीची फेरी जसजशी इंग्लंडभर फिरली, तसतसं काय झालं याचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. २०१० ते २०१३ या काळात जिथे जास्त लोकांची फेरतपासणी झाली, तिथे आत्महत्याही जास्त झाल्या, एकूण ५९० जादा आत्महत्यांशी त्या अभ्यासाने या तपासण्यांचा संबंध जोडला. अभ्यासकांनी संबंध दाखवला, प्रत्येक मरणाचं कारण सिद्ध केलं नाही, हे सांगायला हवं. पण असा अंगुलिनिर्देश झाल्यावर कुठल्याही शहाण्या सरकारने थांबून विचार केला असता. २०१६ साली संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क समितीनेही ब्रिटनच्या या धोरणाने अपंगांच्या हक्कांचं गंभीर किंवा पद्धतशीर उल्लंघन होत असल्याचा ठपका ठेवला. सरकारने तो झटकून टाकला.

त्यांचं म्हणणं आणि आपलं उत्तर

सरकारचं म्हणणं अगदीच टाकाऊ आहे असं समजून पुढे गेलो तर आपलीच फसगत होईल. ते म्हणतात, चिंतेच्या आजारांचे अर्ज झपाट्याने वाढताहेत, तिजोरीला तळ असतो. ते असंही म्हणतात, या आजारावर उपाय म्हणजे हळूहळू बाहेर पडणं. पैसे देऊन घरी बसवलं तर आजार घट्ट होईल.

दुसरा मुद्दा आधी घेऊ, कारण त्यात अर्धं सत्य आहे. भीती घालवण्याचा सर्वांत भरवशाचा उपचार खरोखरच टप्प्याटप्प्याने भीतीला सामोरं जाण्याचा आहे. पण ते टप्पे कोण ठरवतं? आज दार उघडून उंबऱ्यात पाच मिनिटं, पुढच्या आठवड्यात कोपऱ्यापर्यंत, बरोबर विश्वासाचं माणूस, मागे फिरण्याची मुभा. याला उपचार म्हणतात. अमुक तारखेला शहराच्या दुसऱ्या टोकाला या, नाहीतर चूल बंद, याला धमकी म्हणतात. पोहायला शिकवणं आणि विहिरीत ढकलणं यात फरक आहे. आणि ‘पिप’ हा घरी बसण्याचा पगार नव्हेच, तो नोकरी करणाऱ्यालाही मिळतो. त्यातूनच टॅक्सी होते, सोबतीचा माणूस मिळतो, कामावर जाता येतं. तो काढून घेणं म्हणजे तिला घरी बसवणं.

आणि तिजोरी? तिजोरीतून वाचलेले पैसे हवेत विरत नाहीत. तो खर्च कुणाच्या तरी अंगावर जातोच. कुणाच्या, ते आपण बायकांनी तरी ओळखायला हवं. सरकारने सोबतीचे पैसे नाकारले म्हणून सोबत लागायची थांबत नाही. मग आई नोकरी सोडते, मुलगी शाळा बुडवते, बहीण रजा काढते. बाईच्या आजाराचा खर्च दुसऱ्या बाईच्या फुकट कष्टांतून वळता करणं, याला ते काटकसर म्हणतात!

याहून वाईट गोष्ट पुढे आहे. सोबतीला नवरा असेल, आणि तो मारणारा असेल तर? जिला एकटीने बाहेर पडता येत नाही, तिच्यासाठी ‘सोडून का नाही जात?’ हा प्रश्न दुप्पट क्रूर आहे. तिच्या हातात तिचे स्वतःचे पैसे असतील तर निदान ती टॅक्सी बोलावू शकते, दुसऱ्या कुणाला तरी सोबत म्हणून आणू शकते. ते पैसे गेले की दाराची किल्ली त्याच्याच खिशात. आपल्याकडून लग्न करून तिकडे गेलेल्या मुलींचं तर विचारूच नका. जोडीदाराच्या व्हिसावर असलेल्या बाईला कायम वास्तव्याचा परवाना मिळेपर्यंत सहसा हे भत्ते मिळतच नाहीत. परका देश, परकी भाषा, आणि घराबाहेरची भीती. अशा किती जणी मागे ‘इथे सगळं छान आहे’ म्हणून फोनवर सांगत असतील!

आपल्या उंबरठ्याशी

आता आपल्याकडे या. ब्रिटनने निदान भीतीचे चार गुण ठेवले. आपण काय ठेवलं आहे?

आपला अपंग हक्क कायदा २०१६ चा. अपंगांना ‘दिव्यांग’ म्हणायचं, हे ठरवायला सरकारला वेळ लागला नाही. कायद्यात एकवीस प्रकारची अपंगत्वं आहेत, त्यांत मानसिक आजारही आहे. पण त्याची व्याख्या वाचा : विचार, मनःस्थिती, आकलन, भान किंवा स्मरण यांतला मोठा बिघाड. भीतीचं नाव नाही. त्याच व्याख्येत पुढे जगण्याच्या साध्या गरजा भागवता न येण्याचा उल्लेख आहे, त्यातून वाट काढता येते. पण ती वाट काढून देणारा डॉक्टर भेटायला हवा.

पुढे मोजपट्टी. मानसिक अपंगत्व किती टक्के, हे ‘आयडियाज’ नावाच्या पट्टीने मोजतात. तिच्यात आजार किती काळ आहे हे बघतात, आणि चार बाबी तपासतात : स्वतःची निगा, माणसांशी संबंध, बोलणं-समजणं, आणि काम. कामात नोकरी, शिक्षण आणि घरकाम. आता या पट्टीवर आपली बाई ठेवा. आंघोळ करते, नीटनेटकी राहते. आल्यागेल्याशी गोड बोलते. सगळं समजतं. आणि घरकाम? पहाटेपासून रात्रीपर्यंत तेच करते, कारण दुसरीकडे ती जाऊच शकत नाही! म्हणजे आजाराने कोंडून घातलेली गृहिणी या पट्टीवर जवळजवळ निरोगी ठरू शकते. तिला एकटीने बँकेत जाता येतं का, दवाखान्यात जाता येतं का, मतदानाला जाता येतं का, याला स्वतंत्र रकाना नाही. ही पट्टी बनवणाऱ्यांच्या मनात बाईचं जग चुलीपाशी सुरू होतं आणि चुलीपाशीच संपतं, असा अर्थ मी काढला तर माझं चुकलं का?

चाळीस टक्के भरले तर कायद्याचे बरेचसे फायदे. केंद्राच्या अपंग पेन्शनला तर ऐंशी टक्के हवेत, वर दारिद्र्यरेषेखालचं कार्ड हवं, आणि एवढं करून केंद्राचा वाटा महिन्याला ३०० रुपये. संजय गांधी निराधार योजनेत नाव लागलं तर दरवर्षी हयातीचा दाखला द्या. प्रमाणपत्रासाठी रुग्णालय, दाखल्यासाठी तहसील, पैशासाठी बँक. सगळीकडे रांग. जिला रांगेचीच भीती वाटते तिच्यासाठी ही योजना!

आणि आपण?

आता जे सांगायचं आहे ते सांगताना माझी मान खाली जाते. आमच्या सल्ला केंद्रात एक बाई कधीच आली नाही. तिची बहीण यायची. बाई घरी ब्लाउज शिवायची, फॉल-पिको करायची. एसटी स्टँडवर तिकिटाच्या रांगेत तिला पहिला झटका आला होता, त्यानंतर सहा वर्षं ती गल्लीच्या तोंडापलीकडे गेली नव्हती. नवरा शिलाईचे पैसे काढून घ्यायचा, मारायचा. बहिणीला आम्ही काय सांगितलं? ‘तिला घेऊन या, तिच्याशीच बोलायला हवं.’ एकदा नव्हे, तीनदा. चौथ्यांदा बहीण आलीच नाही.

पुढे एका प्रमाणपत्र शिबिरात दोघी भेटल्या. बहिणीने तिला रिक्षातून, डोळ्यांवर पदर ओढून आणलं होतं. ती घामाने चिंब, भिंतीला टेकलेली. समोरचे डॉक्टर म्हणाले, ‘आलात की व्यवस्थित! मग अडचण काय?’ मला त्यांचा भयंकर राग आला. घरी येताना कळलं, त्यांच्या आधी तेच पत्र मी तिला तीनदा पाठवलं होतं.

आपली चळवळ बाईला उंबरठ्याबाहेर काढणारी. मोर्चा, धरणं, मेळावा, शिबिर, सगळं बाहेर. ते बरोबरच होतं आणि आहे. पण त्यातून नकळत एक समजूत बसली की जी येत नाही तिला अजून जाग आलेली नाही. आपल्यातल्या काही जणी असंही म्हणतात, बाईच्या भीतीला आजार कशाला म्हणायचं? रस्त्यावर छेडछाड आहे, घरी मार आहे, मग ती भिणारच. दोष व्यवस्थेचा, तिच्या डोक्यात बिघाड कशाला शोधता? या म्हणण्यात तथ्य आहे. बाईला वेडी ठरवून घटस्फोट घेणारे, मुलं हिरावणारे नवरे आपण पाहिले आहेत. पण व्यवस्थेने पाय मोडला म्हणून मोडलेला पाय खोटा होत नाही. पुण्यात १९९९ साली बापू ट्रस्ट सुरू करणाऱ्या भार्गवी दवर यांनी आयुष्यभर हेच मांडलं, की मनाचा त्रास हा केवळ मेंदूचा रोग नाही, समाजाने घातलेल्या अडथळ्यांसह ते एक अपंगत्व आहे, आणि म्हणून तो हक्कांचा प्रश्न आहे. भीती खरी आहे, भीतीचं कारणही खरं आहे. दोन्हींची बाजू आपणच घ्यायची आहे.

तेव्हा मागण्या स्पष्ट असू द्या. घराबाहेर पडता न येणं ही मोजमापात स्वतंत्र बाब हवी. सोबतीशिवाय जाता न येणं हेही अपंगत्वच, मग कारण डोळ्यांत असो, पायांत असो वा मनात असो. तपासणी घरी किंवा फोनवर हवी, आणि ती मागणाऱ्याकडे जादा पुरावा मागायचा नाही. हे अशक्य आहे असं कुणी सांगू नये. मार्च २०२० मध्ये साथ आली तेव्हा ब्रिटनच्या त्याच खात्याने समोरासमोरच्या तपासण्या थांबवून फोनवर सुरू केल्या. आपल्या सरकारनेही त्याच महिन्यात दूरस्थ वैद्यकीय सल्ल्याचे नियम काढले, आणि ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलिमानस’वर मानसिक आरोग्याचा सल्ला फोनवर मिळतो. सल्ला फोनवर चालतो, तर प्रमाणपत्र का नाही? गोळी लिहून देताना जिच्यावर विश्वास ठेवता, पैसे देताना तिच्यावर संशय का? आणि पैसे तिच्याच खात्यात हवेत, हयातीचा दाखला घ्यायला माणूस तिच्या दारी यायला हवा.

एक मागणी आपल्या स्वतःकडे. प्रत्येक गटाने, प्रत्येक केंद्राने आपल्या वहीत एक पान काढावं : न येणाऱ्यांचं. कोण येत नाही, का येत नाही, तिच्या घरी कोण जाणार. दोघींनी जायचं, पुन्हा पुन्हा जायचं, ‘चल’ म्हणायची घाई करायची नाही. ती उंबऱ्याच्या आत बसेल, आपण बाहेर बसू. सभा तिथेच भरेल.

त्या शिलाईवाल्या बाईकडे आता आम्ही जातो. ती अजून बाहेर पडलेली नाही. प्रमाणपत्रही मिळालेलं नाही. पण शिलाईचे पैसे हल्ली बहिणीच्या हातून थेट तिच्या खात्यात जातात, आणि गेल्या महिन्यात फेरअर्जावर तिने स्वतः सही केली. त्या अर्जावर पहिली ओळ तिने सांगितली तशीच आम्ही लिहिली : मी येऊ शकत नाही, तुम्ही या.